एकतीस नंबरची पिशवी

पाठ करून उभं राहायचं,
चौकट खांद्यावरून मागे भिरकावायची, न बघता.
पडेल तिथलं गवत माझं.
एक मीटर लांब, एक मीटर रुंद,
मुळापासून दोन बोटं वर कापायचं,
कागदी पिशवीत भरायचं, नंबर टाकायचा.
निवडायचं नाही. निवडलं की खोटं सुरू होतं,
असं पहिल्याच वर्षी शिकवलेलं.

कोंढाळीच्या वरचं बरड.
मारबत निघून पंधरा दिवस झालेले,
कुसळी मोज्यांत शिरून घोट्याशी जुना हिशेब काढतेय.
झिबल नेवारे खडकावर बसून बघतो,
मागे त्याच्या गवळाऊ गायी, पांढऱ्या, कामात.
"न पाहता काहून फेकता जी?
आमी त पाहू पाहू चारतो."

तीन वर्षांपूर्वी इथे तार ठोकली, वीस बाय वीस.
आत खूर नाही, दात नाही.
झिबल तेव्हाच म्हणाला होता,
"गवताले तोंड लागलं नाही त थे लवकर बुढं होते."
मी वहीत लिहिलं: स्थानिक मत.
आता तारेआड कुसळी कमरेला लागते,
खाली तिचीच मेलेली पाती, दाट,
उजेड जमिनीपर्यंत पोचत नाही.
आत नऊ जाती. बाहेर सतरा.
स्थानिक मत खोडलं, वर लिहिलं: निरीक्षण.

पण ओढ्याच्या उतारावर,
जिथे चार गावांची गुरं पाण्याला उतरतात,
तिथे तीनच जाती, आणि तरोटा,
आणि मुरूम, सोललेल्या गुडघ्यासारखा.
तेही त्याला दाखवलं.
तो बराच वेळ तंबाखू चोळत राहिला.
"हे आमचंच हाय," म्हणाला,
आणि तंबाखू न खाताच झटकून टाकली.

एकतिसाव्या फेकीला चंडोल उडाला.
चौकटीच्या कोपऱ्यात गायीचा खूर,
पावसात रुतलेला, उन्हात वाळून वाटी झालेला,
वाटीत मारवेलाच्या काड्या, गोल गोल,
आणि तीन अंडी, मातीचेच ठिपके अंगावर घेऊन.
माझ्या हातात विळा.
"सरकवा न थोडीशी," सुकवंता उईके म्हणाली,
वनरक्षक, नोकरीचं दुसरं वर्ष,
"इथं कोन पाह्यते?"
मी चौकट सरकवली नाही. उचलली.
पिशवीवर ३१ लिहिलं,
घडी घालून ठेवून दिली, रिकामी.

नागपुरात, सेमिनरी हिल्सच्या उतारावर, आमची भट्टी:
पासष्ट अंश, अठ्ठेचाळीस तास.
तिखाडीचा वास जिना उतरून फाटकापर्यंत जातो,
चौकीदार वर बघून विचारतो,
"आज कोणाचं डोकं दुखून राहिलं?"
उरलेलं पाणी जातं, गवत खरं होतं:
दोनशे बारा ग्रॅम, एकशे सत्त्याऐंशी, एक्काण्णव.
सरांनी तक्त्यावर बोट ठेवलं.
"एकतीस गहाळ?"
"गहाळ नाही, सर. त्यावर कोणीतरी बसलंय."
ते हसले नाहीत. चष्मा पुसला.
"मग तसं लिही."

बावीस दिवसांनी परत गेले.
खुराची वाटी रिकामी, कवचाची एक कपची.
उडाली की कोल्ह्यानं नेली,
माती सांगत नाही, आणि अंदाज लिहायला रकाना नाही.
झिबल दिसला नाही. त्याच्या गुरांची वाट दिसली,
ओढ्याकडून सरळ वर येणारी, ताजी,
तेवढ्या जागेपाशी येऊन वाकलेली,
आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ.
मी टेप काढला.
दोन मीटर चाळीस.
शेरा म्हणून तेवढंच लिहिलं.