शिरका, असं म्हणायचं

शुरैजाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात
मुहन्ना बिन झहरान मला बुंजा म्हणतो.
त्याच्या बोलीत प नाही,
म्हणून पुंजाराम सटाण्यालाच राहिला,
आणि जबल अखदरवर, माघातल्या थंडीत,
कात्री घेऊन उभा आहे तो बुंजा.

वेलीला इथं मांडव नाही, तार नाही.
डाळिंबाच्या खांद्यावर हात टाकून
चढायचं तेवढी चढली.
खोड माझ्या मांडीएवढं, साल सुटलेली.
मी सवयीनं काडीवरचे डोळे मोजतो,
एक, दोन, आणि काप.
म्हातारा मनगट धरतो:
"आजाच्या आजाची आहे. हळू."

पाणी फलजानं येतं, पाळीपाळीनं.
पूर्वी ताऱ्यांवर मोजायचे, आता मोबाईलवर.
माझे चुलते मोसमच्या फडावर पाटकरी होते,
रात्री पाणी वळवायचे, दिवसा शिव्या खायचे.
हे सांगितलं त्या दिवशी
मुहन्नानं पहिल्यांदा कॉफीला आत बोलावलं.

मग एका जुम्म्याला, नमाजानंतर,
ओढ्यापलीकडच्या ओसाड गावात घेऊन गेला.
माणसं केव्हाच खाली निझव्याला उतरली,
दारं मात्र कुलपात.
त्याच्याकडे वीतभर लांब किल्ली.
आत, गळ्यापर्यंत पुरलेले तीन खर्स,
रांजणच म्हणा,
आणि एक हौद, तळ घासून गुळगुळीत,
कोपऱ्यात बोटभर भोक.

वाकून नाक घातलं.
धूळ. बाकी काही नाही.
"यात काय करायचे?"
"खल." म्हणजे शिरका.
"तीन रांजण शिरका?
कोशिंबीर किती खायचा तुझा आजा?"
त्यानं आधी दाराकडे पाहिलं.
मग हसला, खोकला येईपर्यंत हसला.
"थंडी फार असायची, बुंजा.
आजा तीनदा पाय धुऊन हौदात उतरायचा.
आजी आम्हा पोरांना बजावायची,
कुणी विचारलं तर शिरका, असं म्हणायचं."

पहिली काडी कुणी आणली?
कुणी म्हणतं इराणातून, ओल्या लोकरीत, गाढवावर.
कुणी म्हणतं एका नवरीनं, ओच्यात.
नाव?
नावं फक्त रांजणांना होती.
ही गरोदर. ही लंगडी.
तिसरीचं नाव तो अजून सांगत नाही.

आमच्याकडे वायनरीच्या भिंतीवर पितळी पाटी आहे.
शनिवारी शहरातली माणसं येतात,
भाड्याच्या टोप्या घालून टबात द्राक्षं तुडवतात,
फोटो काढतात.
पाटीवर ज्याचं नाव, तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान.
कात्री कशी धरायची ते त्याला मी दाखवलं.
असो.

निझव्याच्या बाजारातून मी खोकं आणलं,
वर इंग्रजीत आमचा तालुका.
मुहन्नानं एक मणी तोंडात टाकला,
बराच वेळ घोळवत बसला.
"बी नाही?"
"नाही."
"मग थुंकायचं काय?"

संध्याकाळी परत वेलीपाशी.
एक डोळा जास्त राखून काप घेतला,
आमचे सुपरवायझर ओरडले असते.
कापावर थेंब धरला. फुगला. लोंबला.
म्हाताऱ्यानं बोटावर घेऊन चाटला,
डोळे मिटून, जरा जास्तच वेळ.
"पाणी," म्हणाला.
"अजून पाणीच."