नऊशे एकतीस म्हणजे शून्य

चिप म्हणाली, नऊशे बावन्न.
बावन्न कसले? अंश? पैसे? पावलं?
आउलिक्कीनं माहितीपत्रक चाळलं:
'प्रत्येक नगात फरक असू शकतो.'
म्हणजे कारखान्यानंच हात वर केलेले.

मग ती तळ्यावर गेली.
बर्फात पाडलेलं भोक होतंच,
पिशवीत गुंडाळलेली चिप वायरीनं खाली सोडली.
बोटं चालेनात, एकदाच विचारलं.
नऊशे एकतीस.
ते झालं शून्य.

तिथून ताइस्तोच्या सौनात.
सर्वात वरची फळी, भिंतीवरचा काटा ऐंशीवर,
लॅपटॉप दाराबाहेर, वायर फटीतून आत.
इथंही एकदाच, घाईत:
अकराशे एकाहत्तर.
दोन टोकं सापडली, मधे रेघ ओढली.
तीन पायऱ्या चढलं की एक अंश.

तरी पडवीतला पारा चार म्हणे,
आणि चिप सात.
रात्रभर तिनं रेघ तपासली. रेघ सरळ होती.
वाकडी होती तिचीच सवय:
सेकंदाला शंभरदा, किती? किती? किती?
उत्तरं देता देता
चिपचं अंग तापत होतं.

झोपू दिलं तिला.
दहा मिनिटांनी एक प्रश्न.
नऊशे त्रेचाळीस. चार.

सकाळी ताइस्तोनं न सांगता
तळहात पुढे केला. तिनं चिप ठेवली.
एक हजार चोवीस.
"एकतीस. गार आहेत हात."
"लाकडं फोडत होतो."

शेवटचा आकडा मात्र ठरेना,
चोवीस, पंचवीस, चोवीस.
एवढी थरथर चिपची असते, पत्रकात लिहिलंय.
हातांचं पत्रक नसतं.
तिनं सरासरी काढली नाही.