अकरावं रॉकेट

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
पेच शहराबाहेरच्या जुन्या बाजारात
मी चादर अंथरते आणि मांडते
लोकांनी माळ्यावरून उतरवलेलं भविष्य:
एका हाताचा यंत्रमानव,
किरणांची बंदूक, चाप ओढला की आता नुसती खोकते,
मंगळावरच्या माणसांचा पत्त्यांचा कॅट, दोन पानं कमी.
सन दोन हजारात आपण सगळे चंद्रावर राहणार होतो.
तिथल्या घरांचं चित्र बिस्किटाच्या डब्यावर आहे,
डब्यात बटणं.

बर्तालान उजाडायच्या आत येतो, बॅटरी घेऊन.
बाकीची गिऱ्हाइकं आधी खोका विचारतात.
खोका असेल तर ठेवा, नसेल तर भंगार.
हा खोका विचारत नाही.
हा रॉकेट उलटं धरतो,
तान्ह्या बाळाचं दुपटं ओलं आहे का बघावं तसं,
आणि खिशातून पातळ पक्कड काढतो.
पत्र्याचे कान उचकटले की खेळण्याची किंमत निम्मी होते.
सगळ्या बाजाराने त्याला हे सांगून झालंय.
म्हणून आधी पैसे मोजतो, मग उघडतो.

आमच्या पिढीत ते रॉकेट ठाऊक नाही असं पोर नसेल.
चावी दिली की आडवं धावतं,
भिंतीवर नाक आपटलं की थबकतं, विचार केल्यासारखं,
मग कुरकुरत उभं राहतं,
दार उघडतं, शिडी खाली येते,
आणि संपलं.
कोणी उतरत नाही.
कारखान्याने माणूस केलाच नव्हता.
तो ज्याचा त्याने आणायचा:
कोणाची जळकी काडी, कोणाचा वाटाणा,
माझी सेफ्टी पिन.

त्याची आई, एटेल्का, त्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला
कान दुमडायची.
मिनिटाला नऊ रॉकेटं. अंगठ्याचं नख कायमचं काळं.
पत्रा होता मटारच्या डब्यांचा, छपाई चुकलेला;
बाहेर तारे, आत मटार.
फाटकावर रोज पिशव्या तपासत.
रॉकेट बाहेर आणता येईना
म्हणून एका रात्री तिने पोरालाच आत घातलं:
खिळ्याने त्याचं नाव कोरलं मटारांवर,
कान दुमडले,
आणि पट्ट्यावरून जाऊ दिलं.
घरी येऊन म्हणाली, तू निघालास बरं का.
तो तेव्हा सात वर्षांचा. कुठे, हे त्याने विचारलं नाही.
आता पासष्टीला विचारतोय,
पक्कड घेऊन.

आजचं अकरावं.
नाकाकडचा रंग उडालेला, शिडीची एक पायरी गायब.
बॅटरी मी धरली. त्याने एकेक कान उचलला.
आत मटार, गंजाचे डाग,
आणि अक्षरं. वाकडी, घाईतली.
पिरोश्का.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
शेजारच्या टपरीवर लांगोश तळायला सुरुवात झाली होती,
लसणाचा वास.
मग म्हणाला, म्हणजे सगळ्याच जणी.
आणि जरा वेळाने:
तुला कोणी पिरोश्का माहीत आहे? साठीच्या पुढची?
मला तीन माहीत होत्या. त्यातली एक वारली.
त्याने ते कागदाच्या पिशवीवर लिहून घेतलं,
कान पुन्हा दुमडले,
अंगठ्याने, पक्कड न वापरता.

माझ्या घरी, कपाटावर, एक आहे.
विकायचं नाही ते. सेफ्टी पिन अजून दाराशी अडकलेली.
त्याला कधी सांगितलं नाही.
संध्याकाळी खाली काढलं, कानाशी हलवून पाहिलं.
नाव काही वाजत नाही.
चावी दिली.
धावलं, भिंतीला लागलं, उभं राहिलं.
शिडी मधेच अडकली.
मी बोटाने खाली ओढली.