अठरावा पारवा

आम्ही विषाला औषध म्हणतो.
गावी आंब्यावर मारायचो ते औषध,
आणि इथे रुवीत, अकराव्या मजल्याच्या गच्चीवर
मक्याच्या दाण्यांना चोळतो तेही औषधच.
आईला फोनवर म्हणालो होतो, औषधांच्या कंपनीत लागलोय.
ती वाडीभर सांगत सुटली.

सकाळी पिशवी घेऊन वर गेलो.
सतरा मोजले. ताठ, पाय आभाळाकडे.
ऑगस्टात सहा वाजताच गच्ची तव्यासारखी.
अठरावा टाकीच्या आड होता,
मान पिळवटलेली, चोचीतून लाळ,
आणि एक नारिंगी डोळा माझ्यावर लागलेला.
मला ओळखत नव्हता. ते बरं होतं.

पिशवीत टाकायला उचलला
तर हातमोज्यातून काहीतरी धडधडलं,
इतकं बारीक की वाटलं माझीच नस.
हेल्मेटमध्ये ठेवला, वर रुमाल,
आणि जिन्याने उतरलो, लिफ्टमध्ये साहेब भेटला असता.

खोलीत आम्ही पाच.
नोआखालीचा मोतालिब बघताच म्हणाला, एसी बंद कर,
याच्या अंगात ऊब राहिली नाही.
त्याच्या बापाकडे चाळीस कबुतरं होती, एका पुरात गेली.
बाहेर बेचाळीस अंश, आत एका पारव्यापायी
पाच माणसं निथळत बसलेली.
वर्गीसने मल्याळममधून सगळ्यांचा उद्धार केला
आणि खालच्या दवाखान्यातून
कोळशाची काळी पूड तोच घेऊन आला.

पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने,
चोचीच्या कडेने, थेंब, मग थांब, मग थेंब.
घाई केलीस तर छातीत उतरेल, मोतालिब म्हणाला.
रात्री दोनदा आकडी आली.
बुटाच्या खोक्यात पंख आपटत होते.
मी वर हात ठेवून बसलो.
अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आठवेना,
आठवला तो कंपनीचा नियम:
औषध मारताना तोंडाला फडकं बांधा.

तिसऱ्या दिवशी घट्ट शिटला
आणि मोतालिबने टाळी दिली, जणू कुणाचा व्हिसा लागला.
मग भिजवलेले वाटाणे, एकेक.
मक्याचा दाणा पुढे केला तर तोंड फिरवलं.
शहाणा.

पारवा म्हणजे माझ्या लेखी एक रंग होता,
आईच्या ठेवणीतल्या लुगड्याचा.
राखाडीच की, म्हणायचो मी.
नाही. मानेशी हिरवा हलतो, वळला की जांभळा,
आणि धरायला जावं तर दोन्ही नाहीत.
नवव्या दिवशी तो खाटेवरून खाटेवर उडाला,
भिंतीला थडकला, पुन्हा उडाला,
आणि कपाटावर जाऊन बसला, माझ्या बॅगेवर,
जी दोन वर्षांत मी उघडलेली नाही.

शुक्रवारी डोंगराच्या पायथ्याशी नेला.
इथले डोंगर करपल्या भाकरीसारखे, गवताचं पातं नाही,
पण कपारी-कपारीतून घुमणं ऐकू येत होतं.
झाकण काढलं. बसून राहिला.
वर्गीस म्हणाला, याचीही रजा मंजूर व्हायचीय वाटतं.
कुणी हसलं नाही.
मग फडफड, थोडी धूळ, आणि तो वर.
कातळाकडे जाईल असं धरून चाललो होतो आम्ही.
तो एक वळसा घेऊन उलटा फिरला
आणि शहरावर गेला, गच्च्यांच्या दिशेने.

शनिवारी फॉर्म भरला. मेलेले: सतरा.
साहेबाने विचारलं, अठरा दिसले होते ना?
मोजण्यात चुकलो, म्हणालो.
त्याने पुढच्या इमारतीची किल्ली दिली.

नोकरी सोडलेली नाही. कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे.
फक्त आताशा वर गेलो की
दाणे टाकण्याआधी मी गच्चीभर फिरतो
आणि जोरजोरात टाळ्या वाजवतो.
समोरच्या खिडकीतलं पोर बघत राहतं.
त्याला वाटत असेल, या माणसाला
कसला एवढा आनंद झालाय.