न्यायचं की द्यायचं

तमन्ना, तू विचारलंस तेव्हा मी गाडीची काच पुसत होतो,
मान वर न करताच बोललो, 'आधी बारावी कर.'
चुकलंच माझं.
दप्तरासकट दसरा चौकातनं चालत आलेली पोर विचारते,
'पायलटकाका, मागं पेशंटजवळ बसायचं तर काय शिकावं लागतंय?'
तिला सरळ उत्तर द्यायला पाहिजे होतं.

मी डॉक्टर नव्हं. एकवीस वर्षं स्टिअरिंग धरलंय.
पाठीमागं जे चालतं ते छोट्या काचेतनं, उलटं,
तुकड्यातुकड्यानं बघितलंय.
तेवढंच सांगतो.

कावळा नाक्यावर तो माणूस पानपट्टीसमोर बसला,
छातीला हात लावला, आडवा झाला.
गर्दी म्हणाली, सीपीआरला न्या, सीपीआरला न्या.
आपल्या गावात सीपीआर म्हणजे थोरला दवाखाना.
आपण जन्मतो तिथं, टाके पडतात तिथं,
आज्ज्याच्या अंगावरची शेवटची चादर तिथलीच.
तू क्लासला चालली होतीस. म्हणालीस,
'न्यायच्या आधी द्यायला पाहिजे.'
कुणालाच कळलं नाही.
वाक्य बरोबर होतं.
हात दप्तराच्या पट्ट्यावर होते.

न्यायचं आणि द्यायचं,
ह्या दोन शब्दांच्या मध्ये, सिग्नल धरून, नऊ मिनिटं आहेत.
तुला तिथं राहायला जायचंय.

तर ऐक. सायन्स घे. जीवशास्त्र सोडू नको,
कुणी कितीही सांगू दे कॉम्प्युटर बरा म्हणून.
बारावीनंतर कुठला कोर्स, फी किती,
कुठलं कॉलेज खरं आणि कुठलं नुसता बोर्ड,
ते लोखंडे सिस्टरना विचार. मी चुकीचं सांगीन.
प्रथमोपचाराचा रविवारचा वर्ग मात्र आजच लाव.
तिथं रबराचा माणूस असतो, कमरेच्या वरचाच.
पोरं हसतील. हसू दे.
छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ,
तीसपर्यंत मोज, मोठ्यानं.
दंड भरून आले पाहिजेत.

वर्गात न शिकवतील ते असं:
पत्ता सांगायला शीक. 'मारुतीच्या देवळाजवळ' म्हणू नको,
ह्या गावात मारुती किती, ते मारुतीलाही ठाऊक नाही.
जिने मोजत जा. शुक्रवार पेठेतल्या बोळात
स्ट्रेचर वळत नाही, खुर्ची वळते.
गर्दीवर ओरडू नको. एकाकडं बोट कर:
'तुम्ही, लाल शर्ट, फाटक उघडा.'
हाताला काम मिळालं की माणूस मोबाईल खिशात घालतो.
आणि ड्यूटीवर उपाशी यायचं नाही. चक्कर येणाऱ्याला
कोण उचलणार, मी?

तुझी आई म्हणाली, रात्रपाळी, पोरीची जात.
मी म्हणालो, वहिनी, पुराच्या साली
चिखलीकडनं ट्रॅक्टरमधनं बाळंतीण आली,
गाडीत घेताना तिनं एकच विचारलं,
'आत बाईमाणूस हाय का?'
नव्हतं.
तुझी आई उठून आत गेली.
हो म्हणाली नाही. चहात आलं मात्र ठेचून घातलं.

आणखी एक.
कावळा नाक्यावरच्या माणसाचं काय झालं
हे तू दर शनिवारी विचारायला येतेस
आणि दुसरंच काहीतरी विचारून जातेस.
नाही वाचला.
तू दिलं असतंस तर कदाचित.
किंवा तरीही नाही.
हा 'कदाचित' घेऊनच मी रोज गाडी धुतो,
डाग नसला तरी धुतो.

पुढच्या शनिवारी ये.
दप्तर टपरीवर ठेव.
ऑक्सिजनच्या टाकीची चावी कुठं अडकवतात,
अंधारात ती हाताला कशी लागते, तेवढं दाखवतो.
नळ तिकडं आहे.
आधी हात धू.