मोरियाचा डोंगर, नवापूर तालुका

त्या वर्षी संडे स्कूलच्या पैशातून
मंडळीनं सिनेमा काढायचं ठरवलं.
सिनेमा म्हणजे व्हिडिओ, तासाभराची कॅसेट,
आणि कॅमेरा नंदुरबारच्या फैयाजभाईचा,
जो एरवी लग्नं काढायचा
आणि नवरीच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचा.

अब्राहाम माझा बाप.
मिशन दवाखान्यात वॉर्डबॉय, उंच, आवाज खर्जातला,
दाढी घरच्याच कापसाची, डिंकानं चिकटवलेली.
इसहाक मी. दुसरा पोरगा नव्हताच.
साराचं काम कुणाला दिलं नव्हतं;
या गोष्टीत तिला कुणी काही विचारत नाही, पाळक म्हणाले.
आईनं सगळ्यांच्या भाकरी बांधून दिल्या.

एप्रिल. पळस झडून गेलेला.
चिंचपाड्यापुढच्या टेकडीवर
दगड असे तापलेले की वेदीला वेगळा विस्तव नको.
लाकडं मात्र खरी, धावड्याची,
आठवडाभर खांद्याला वळ होता.
बाबा, बळीचं कोकरू कुठंय, हे माझं एकुलतं वाक्य
तीनदा घेतलं,
कारण खाली रुळांवर मालगाडी संपता संपेना.
नीट ऐकलं तर मोरियावर
इंजिनाची शिट्टी आहे.

बोकड हिरुबाईचा, दिवसाच्या भाड्यानं.
दुपारी त्यानं अब्राहामाची अर्धी दाढी खाल्ली.
एका बाजूनंच घेतो, फैयाजभाई म्हणाला.
मग बिडी विझवत, हळूच, मला:
आमच्यात पोरगा दुसरा असतो.
सुरी तीच.

मग मला बांधलं.
बाप वाकला, ओठांतल्या ओठांत काही बोलत
दोरी फिरवत गेला, दवाखान्यात पट्टी बांधतो तशी,
रुतणार नाही अशी.
आभाळ पांढरं. त्यात एक घार.
सुरी वर गेली.

इथं स्वर्गातून हाक यायची होती.
पण हाक नंतर भरणार होते
धुळ्याच्या स्टुडिओत, घुमणारी,
लिलावात कापसाचा भाव पुकारणाऱ्या
एका गृहस्थाच्या आवाजात.
त्या दिवशी डोंगरावर हाक नव्हती.
हात किती वेळ धरायचा
हे बापाला कुणी सांगितलं नव्हतं.
हात थरथरायला लागला.
उरलेल्या दाढीतून घाम माझ्या कपाळावर.
बोकडसुद्धा रवंथ करायचा थांबला.
फैयाजभाई थांबून होता;
त्याला थांबायची सवय होती.

मग तो ओरडला, कट!

मी पाचवीत. इंग्रजी नुकतंच लागलेलं.
कट म्हणजे काप, हे मला पाठ होतं.
मी डोळे मिटले.

नाताळात शाळेच्या अंगणात भाड्याचा टीव्ही,
जनरेटरची धडधड, अख्खी मंडळी तरटांवर.
हाक आली तशी सगळ्यांनी श्वास सोडला,
मागून कुणी हालेलूया म्हटलं.
आईनं अंधारात माझं मनगट धरलेलं,
ते बोकड दिसला तरी,
प्रार्थना झाली तरी,
नावं वर सरकायला लागली तरी सोडलं नाही.
नावांत तिचं नाव नव्हतं.

कॅसेटला बुरशी लागून किती वर्षं झाली.
बाप आता त्याच दवाखान्यात,
पण खाटेवर.
सलाईनची पट्टी बांधणाऱ्या नव्या पोराला
गाठ कशी मारायची ते सांगत असतो.
परवा शेवटी मी विचारलं:
बाबा, भाईनं आवाजच दिला नसता तर?

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
हात दुखत होता, म्हणाला.

मी डबा धुऊन आणला, पिशवीत भरला,
निघालो, तेव्हा पाठीमागून:

सुरगाठ होती रे.
एक टोक तुझ्याच मुठीत दिलं होतं.
तू ओढलंच नाहीस.