एक फुल, एक हाफ

कारखान्यात मी सोललेला काजू निवडते.
अख्खा एकीकडे, पाकळी दुसरीकडे,
तुकडा, कणी, डागी, सगळ्यांना सूप वेगळं.
एकवीस वर्षं. डोळे मिटूनही
बोटांना कळतं कुठला गर अख्खा.
म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई
पडद्यावर पेन टेकवून म्हणाल्या,
"बेचाळीसाव्या वर्षी संख्या कमी होते, आणि प्रतही,"
तेव्हा मला समजावून सांगावं लागलं नाही.
प्रत हा शब्द आमचाच.

पतसंस्थेत यंत्रावर अंगठा उमटेना.
पुसला, पदराला घासला, पुन्हा ठेवला.
आधी सहा वर्षं फोडायला होते,
रेषा तेव्हाच चिकाने खाल्ल्या.
पोरगा म्हणाला, दुसरं बोट द्या काकी.
एकेक करत दहाही दिली.
शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली
पन्नास हजारांना.

बाकीचे असे:
भिशीचे तीस. नंबर सुलभाचा होता, तिने मला दिला,
कारण विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं असणार.
पाटल्यांचा जोड. सासूला सांगितलं, पॉलिशला टाकल्यात.
लवूच्या होडीचं इंजिन,
ज्यासमोर तो दर पावसाळ्यात पाना घेऊन बसायचा.
विकल्यावरही चहा घेऊन तिथेच बसतो,
तेलाच्या डागाजवळ.
खलाशी म्हणून जातो आता, दुसऱ्याच्या होडीवर.

एकच खेप. तेवढेच पैसे.
दुसरीचं आम्ही बोलतसुद्धा नाही,
रात्री सापाचं नाव घेत नाहीत तसं.

इंजेक्शनं थंड ठेवायची. आमच्याकडे फ्रीज नाही.
कातरीनबायने तिच्या फ्रीजात
व्हिनेगरच्या बाटलीमागे जागा केली.
"कसली गो?"
"बी-ट्वेल्व्हची."
"बरा," म्हणाली. संध्याकाळी दारातून दिसलं,
तिच्या सायबिणीपुढे एक मेणबत्ती जास्तीची.

चौथ्या रात्री लाइट गेली. खांब पडला म्हणे.
लवू बारा वाजता जेटीवरून बर्फ घेऊन आला,
थर्माकोलच्या डब्यात. आदल्या दिवशी त्यात बांगडे होते.
डबा तीनदा धुतला. वास गेला नाही.
मग बॅटरीच्या उजेडात त्याने सुई भरली,
जाळ्याला गाठी मारणाऱ्या जाड बोटांनी,
बेंबीपासून दोन बोटं सोडून, चिमूट धरून.
"दुखला?"
"नाय."
त्याचेच हात नंतर कापत राहिले.
मला हसू आलं. औषधाला बांगड्याचा वास,
मला औषधाचा. होईल ते पोर
पोहायला तरी शिकवावं लागणार नाही,
असं मी म्हणाले, आणि मग दोघंही
गप्प झालो, कारण हे मी मोठ्याने बोलले होते.

आज बोलावलंय. अंडी काढायची.
वेंगुर्ल्याहून पहाटेची गाडी, काचा दमट.
लवूने पाचशेची नोट पुढे केली,
"कोल्हापूर. एक फुल, एक हाफ."

बायकांना अर्धं तिकीट, हे आता सगळ्यांना सवयीचं.
बाजाराला जाताना मीच म्हणते, एक हाफ.
पण तो बोलून गेला आणि थांबला.
मी बाहेर बघितलं, तिथे अजून काही दिसत नव्हतं.
तो पिशवीत पाण्याची बाटली शोधू लागला.
बाटली माझ्या मांडीवर होती, भरलेली,
मला रात्री बारापासून पाणीही नको सांगितलंय.

कंडक्टरने शंभराची एक नोट परत केली.
बाकी सुट्टे नव्हते. तिकीट उलटं करून,
कानावरचं पेन काढून
पाठीवर लिहिलं: येणे १५.
"उतरताना आठवणीने मागा, वहिनी."

आंबोलीच्या वळणांवर लवूला झोप लागली.
तिकीट माझ्या मुठीत. घामाने शाई पसरेल
म्हणून मूठ मधेच उघडते,
वाचते,
मिटते.